चौघांना विचारून

माझे सासरे चांगदेव यांनी आयुष्यात एकच गोष्ट कुणाला न विचारता केली. घरामागे बोअर मारली. खाली नुसता दगड लागला आणि शेलार गावभर हसं झालं. तेव्हापासून घरातला बल्ब बदलायचा असला तरी बाबा चौघांना विचारतात. शेतं गोदामांखाली गेली, भाडं येतं, हाताला काम नाही. त्यामुळे विचारायला वेळ भरपूर, आणि उत्तरं द्यायला आमच्या ओट्यावर माणसंही भरपूर. त्या सगळ्यांचा चहा मी करते, म्हणून माझं डोकं जरा लवकर फिरतं.

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. बाबांचा तिच्यावर फार जीव. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल माणूस बेफिकीर होता. बेफिकीर असते तर मी तिला पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं असतं आणि त्यांना पत्ताही लागला नसता.

दिवाळीनंतर आक्काच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखरेचा आजार तिला जुनाच. जखम एवढीशी, पण भरेना. त्याच सुमारास एकदा ती बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आली.

"आक्का, दुसरी कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

"कवा निसटली, समजलाच न्हाय."

ओट्यावर असा हशा पिकला की विचारू नका. आठवडाभर तीच चेष्टा. आक्काही हसली बिचारी.

मग जखमेवर सल्ले सुरू झाले. राघोकाका म्हणाले, कडुनिंबाचा पाला वाटून लावा. चिंधूमामांना कल्याणचा कुणी वैद्य माहीत होता, फक्त त्याचं नाव आठवत नव्हतं. पुतण्या भावेशने मोबाईलवर व्हिडिओ लावला, त्यात एक गृहस्थ कांदा भाजत होते. शेजारच्या पॉवरलूमचा मुनीम जाता जाता "मलहम लगाओ, मलहम" एवढंच म्हणून गेला, तर बाबा त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावले, कुठलं मलम ते विचारायला. मी दोनदा म्हणाले, डॉक्टरला दाखवू.

"तुजा पन ध्यानात ठेवलाय, दिपाली," बाबा म्हणाले. म्हणजे माझा नंबर भाजक्या कांद्याच्या मागे!

शेवटी तुळशीरामने अकलोलीच्या गरम कुंडांचं काढलं. तिथल्या पाण्याने त्याच्या मेव्हण्याचे गुडघे मोकळे झाले होते. गुडघ्यांचा आणि जखमेचा संबंध काय, हे विचारणारी मी एकटीच. आणखी तिघांनी माना डोलावल्या, चार मतं पूर्ण झाली, आणि रविवारी आक्काला गाडीत घातलं.

तिथे काय झालं ते माझ्या नवऱ्याने, भाविकने, नंतर सांगितलं. बाकीची माणसं पाय बुडवून चटका बसला की बाहेर काढत होती. आक्का मात्र पाय सोडून आरामात बसून राहिली. बाबांना केवढा आनंद! "बग, आक्काला मानवला पानी," म्हणत ते आजूबाजूच्यांना दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पायांना फोड. अंगठा काळानिळा.

"दुखते काय गं?" बाबांनी दारातूनच विचारलं.

"जरापन न्हाय."

"दुखत न्हाय ना? मंग उतरतंय," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, आणि बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. मी कुणालाही न विचारता रिक्षा बोलावली आणि आक्काला भिवंडीत डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पाय मांडीवर घेतल्यासारखा जवळ ओढला, तळव्याला ठिकठिकाणी बोट लावलं आणि विचारलं, "आजी, पायातली चप्पल निसटली तर कळतं का तुम्हाला?"

आक्का माझ्याकडे बघायला लागली. मला रडू आलं, आणि रागही इतका आला की डॉक्टरांचं टेबल उलटं करावंसं वाटलं. साखरेने पायातली जाणीवच गेली होती. तिने ते सगळ्या ओट्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि ओटा हसला होता.

अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

आक्का घरी आली तशी माणसं भेटायला आली, आणि पुन्हा सल्ले. मोरूभाऊंनी कसल्याशा पावडरीचं नाव घेतलं. बाबांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"मोरू, तू आक्काचा पाय बगलास काय?"

"न्हाय."

"मंग चाय पी."

तुळशीराम काही बोलणार होता, त्यालाही तेच विचारलं. त्यानेही कप उचलला. मी आत कप विसळत होते. मनात म्हटलं, हा प्रश्न दोन महिने आधी सुचला असता तर!

तेवढ्यात खाटेवरून आक्काचा आवाज आला, ओट्यापर्यंत जाईल असा.

"तू तरी कवा बगलास रे, चांग्या?"

 बाबा उठून आत आले, खाटेपाशी खाली बसले आणि आक्काचा डावा पाय, अजून धड असलेला, दोन्ही हातांत घेऊन खालून बघायला लागले. ओट्यावर त्यांचा चहा निवत होता. मी तो पुन्हा गरम केला नाही.