रेघेवरचं नाव आणि चेकरकाका

चेकरकाका वेळ विचारायचे ती नेहमी दोघांना. दोघांनी वेगवेगळी सांगितली तर ते समाधानाने मान हलवत. दोघांची एकच निघाली, तर मात्र त्यांना शंका येई. "एकाचं बगून दुसऱ्यानं लावलं असंल," म्हणत ते तिसऱ्याकडे जात. स्वतःच्या मनगटावर घड्याळ असताना हा उद्योग चाले. ते घड्याळ मेव्हण्याने दिलेलं होतं, त्यामुळे त्याच्यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं ड्रॉइंग ऑफिस होतं. रसायनांच्या कारखान्यात कुठल्या टाकीतून कुठल्या पंपात काय जातं, ते दाखवणारी ड्रॉइंग्ज आम्ही काढत असू. टाकी म्हणजे चौकोन, पाइप म्हणजे रेघ, आणि प्रत्येक रेघेवर तिचं नाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागले, तेव्हा दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत कमावणारी मी एकटीच होते. माझे कागद तपासायचे ते चेकरकाका. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, आयुष्यभर ऑफिसात काढूनही बोली तिथलीच राखलेली.

त्यांची तपासणी म्हणजे उलटतपासणीच असे. प्रिंट टेबलावर पसरायची, एकेक रेघ टाकीपासून पंपापर्यंत बोटाने चालायची. बरोबर असेल तर पिवळी पेन्सिल, चुकली असेल तर लाल. रेघेपेक्षा त्यांचा डोळा नावावर जास्त. नाव वळणाजवळ नको, दोन रेघा एकमेकींना कापतात तिथे तर नकोच नको. माझं एक नाव दोन रेघांच्या मधोमध पडलं होतं, तेव्हा त्यांनी मला उभं करून विचारलं, "दोन दारांच्या मधी एकच पाटी लावली, तर पोस्टमननं कुनाकडं जायाचं गो?" मी म्हटलं, फिटरला कळेल की. "फिटरला कळंल, असं कुनी सांगितलं तुला? फिटरनं?" मला वाटे, या माणसाला माझी नोकरी घालवायची आहे.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. दोन चौकोन रेघेने जोडले की नाव आपसूक रेघेच्या मधोमध बसे, चौकोन हलवला की रेघही हले आणि तिच्याबरोबर नावही. साहेब खूश झाले. काकांनी पडद्याकडे वाकून पाहिलं. "आपोआप?" ते म्हणाले. "आपोआप फकस्त गंज चढतो." दिवसभर माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी मला वात आणला. शेवटी त्यांनी विचारलं, "आनि नाव तू हातानं सरकवलं तर?" मी सांगितलं, मग ते सुटं होतं, ठेवलं तिथे राहतं. "आनि नंतर रेघ हलली तर?" मी म्हटलं, "मी बघीन ना, काका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मेव्हण्याच्याच घरची होते.

एका गोष्टीचा त्यांना फारच राग होता. पूर्वी ते प्रत्येक ड्रॉइंगवर स्वतः सही करत; आता 'तपासणारा'च्या चौकटीत त्यांची आद्याक्षरं कॉम्प्युटरच छापत असे. "माझा हात नसताना माझी सही होते, ही चोरी नाय तर काय?" म्हणून तपासलेली प्रत्येक पिवळी-लाल प्रत ते कपाटात कुलूप लावून ठेवत. त्या कपाटाची आम्ही यथेच्छ टिंगल करत असू.

एकदा जवळच्याच एका कारखान्याचं दुरुस्तीसाठीचं ड्रॉइंग होतं; त्याच दुपारी तिथे पाण्याचा पाइप सोडायचा होता. त्यात ॲसिडची आणि पाण्याची अशा दोन रेघा शेजारून जात होत्या. ॲसिडचं नाव मला जरा गर्दीत वाटलं, म्हणून मी ते हाताने थोडं मोकळ्या जागी ओढलं. काकांनी तपासलं, सगळं पिवळं केलं. ते जेवायला गेले आणि साहेब म्हणाले, "तो पंप जरा डावीकडे घे, बरं दिसेल." मी घेतला. रेघ कुठली कशाला जोडायची यात काहीच बदल नव्हता, मग काकांना कशाला त्रास द्यायचा? प्रिंट काढली, शिपाई घेऊन गेला.

जेवून आल्यावर काकांनी ऑफिसची प्रत मागितली. शिपायाला एवढी घाई का झाली, हा त्यांचा संशय. खिडकीच्या काचेवर त्यांनी आपल्या पिवळ्या प्रतीवर ती धरली आणि एकेका रेघेवरून बोट चालवलं. पंपाबरोबर ॲसिडची रेघ वळून खाली गेली होती आणि तिच्या जागी पाण्याची रेघ सरकली होती. नाव मात्र जुन्या जागीच होतं आणि आता थेट पाण्याच्या रेघेवर, तिचं नाव झाकून बसलं होतं. खऱ्या ॲसिडच्या रेघेला नावच नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "चल."

रिक्षात मी त्यांना साहेबांनी पंप हलवायला सांगितल्याचं सांगून टाकलं. आम्ही पोचलो तेव्हा माझी प्रिंट एका पिंपावर पसरलेली होती आणि फिटर पान्याने पाइपाचे बोल्ट सैल करायला बसत होता. "कुठली लाइन सोडतोस?" काकांनी विचारलं. "पाण्याची. ती पलीकडची ॲसिडची, नाव आहे ना तिच्यावर. म्हणजे ही पाण्याची." "हात काढ," काका ओरडले. मी त्यांना ओरडताना तेव्हाच ऐकलं. फिटर चिडला, पण हात काढला. त्याच्या हातात मोजेसुद्धा नव्हते. मी पिंपावरची माझी प्रिंट ओढून घेतली.

संध्याकाळी साहेबांनी दोघांना बोलावलं. चौकटीत आद्याक्षरं काकांची होती. "डोळे गेले तुमचे," साहेब म्हणाले. "आता घरी बसा." बोलायची वेळ माझी होती. मी गप्प राहिले, आणि त्याची लाज मला अजून वाटते. काकांनी माझी वाट पाहिली असावी. मग ते उठले, कपाट उघडून पिवळी प्रत साहेबांसमोर ठेवली. "मी तपासलं तवा बरोबर व्हतं. तुमी पंप हलवायला सांगितलात, हिनं हलवला, आनि मला दाखवला नाय."

साहेब माझ्याकडे वळले. "उद्यापासून येऊ नकोस." मला वाटलं, शेवटी काकांच्या मनासारखं झालं.

"मंग नवी आनाल," काका म्हणाले. "ती कदी चुकली नसंल, म्हंजे ती पन असंच करंल. ही आज त्या फिटरचं हात बगून आली. हिला ठेवा. माझा कुनाव विश्वास नाय, पन हिच्या भीतीव हाय."

मी राहिले. आभार मानायला गेले तर ते म्हणाले, "गोड बोलू नको, मला संशय येतो." त्यानंतर चार वर्षं त्यांनी माझा प्रत्येक कागद दोनदा तपासला. मी नाव हाताने सरकवलं की तिथे स्वतःच पेन्सिलीने गोल करून देऊ लागले, आणि पंप तसूभर हलला तरी नवी प्रिंट त्यांच्यापुढे ठेवू लागले. त्यांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. ती अपेक्षाही मी सोडून दिली होती. निदान तसं मला वाटत होतं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी हार झाला, समोसे झाले. समोशात काय घातलंय ते उघडून पाहून मगच त्यांनी खाल्ला. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. राहवलं नाही, म्हणून विचारलं, "काका, आता तरी माझ्यावर विश्वास बसला का?"

"नाय," ते म्हणाले. दोन पायऱ्या उतरून थांबले. "पन तुझा सोतावर बसत नाय ना आता? मंग मी घरी जातो."

आणि एकदाही मागे वळून न बघता ते घरी गेले.