टँकरच्या तक्त्याला हात कुणाचा

लातुरात नळाला पाणी येतं हे लोक विसरत चालले होते, त्या उन्हाळ्यात पंचशीलाकडे टँकरच्या खेपांचा तक्ता आला. ती कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायची. तक्ता सर्व्हरवर, सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये. कुठल्याही टेबलावर उघडायचा आणि कुणालाही बदलता यायचा. आधीच्या माणसानं कुणाचं मन मोडायला नको म्हणून तसंच ठेवलेलं.

गावाकडून फोन यायचा. फोन करणारा ओळखीचा निघायचा. मग कारकून तक्ता उघडून त्या गावाला जरा वर सरकवायचा. चोरी कुणीच करत नव्हतं, सगळे उपकारच करत होते. आणि सकाळी रेणापूरच्या पलीकडची टेकाची वस्ती तक्त्यातून गळालेली असायची. वस्तीचं कचेरीत कुणीच नव्हतं.

"ताई, आज बी वस्ती न्हाई?" टँकरवाला खाजा विचारायचा. "लोक रिकाम्या घागरी मांडून बसून राहिलेत. मी काय तोंड दाखवू?"

पंचशीलानं परवानग्या बदलल्या. तक्ता सगळ्यांना दिसेल, पण बदलता येईल फक्त हेडक्लार्क व्यंकटरावांना.

"म्हणजे आम्ही चोर का?" शेजारच्या टेबलावरचा भुजंग भडकला.

"चोर न्हाई हो भाऊ. बघायला सगळ्यांना मोकळं हाय. हात एकानंच लावायचा."

बोलून गेली आणि तिला आपलेच शब्द ओळखीचे वाटले. तिची आजी नागुबाई हेच ऐकत विहिरीच्या काठावर उभी राहिली होती, कुणी वरून ओतेल म्हणून; तिच्या जातीला विहिरीला शिवायची बंदी होती. ते पाणीही सगळ्यांना दिसत होतं. ज्याचं कुणी नाही त्याला पाणी मिळावं म्हणून आपण हे करतोय, असं पंचशीलानं स्वतःला सांगितलं. उत्तर खरं होतं. तरी दुपारचा डबा तिला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वस्ती पुन्हा गायब. बदल व्यंकटरावांच्या नावानं झालेला. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी न्हाई गं केलं," ते म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "पासवर्ड दिलाय पोरांना. भुजंग म्हणला, काका, मला बी परका समजता? इतकी वर्षं एकमेकाच्या डब्यातलं खाऊन राहिलो, न्हाई कसं म्हणू?"

"मग तुमचीच परवानगी काढते, काका."

"काढ बाई. सुटलो. नवा जिल्हा होणार म्हणतेत, तिकडं बदली मागतो. तिथं ओळखीचं कुणी नसंल."

आता तक्त्याला हात लावू शकणारी ती एकटी उरली. ही बातमी कचेरीबाहेर जायला वेळ लागला नाही. संध्याकाळी तिच्या मावशीचा, सरजाबाईचा फोन आला.

"पंचे, समदं तुझ्या हातात हाय म्हणं. उद्याची एक खेप इकडं वळव की."

"मावशी, तुमच्याकडं काल येऊन गेला की टँकर."

"काल आला म्हणून आज तहान लागत न्हाई का?"

समोर तक्ता उघडाच होता. वस्तीची ओळ खाली ढकलायची, मावशीचं गाव वर घ्यायचं. विचारणारं कुणी नव्हतं. तिनंच ठेवलं नव्हतं.

"न्हाई जमणार, मावशी."

"लई मोठी झालीस," मावशी म्हणाली आणि फोन बंद झाला.

सकाळी खाजाचा फोन वस्तीवरून आला. मागं घागरींचा, भांडणाचा, बायकांच्या ओरडण्याचा कल्लोळ.

"ताई, पोचलो! पण टाकी खाली झाली बघा, निम्म्या घागरी कोरड्याच राहिल्या. अजून एक खेप लिहून टाका ना. तुमच्याच हातात हाय."

पंचशीलानं तक्ता वरून खालपर्यंत वाचला. मोकळी खेप एकही नव्हती.

"न्हाई, खाजाभाई," ती म्हणाली. त्यानं फोन ठेवला नाही. तीही त्या बायकांचा आवाज ऐकत बसून राहिली.