पाठ न दाखवणारा

साकोलीतल्या फ्लेक्सच्या दुकानातला तो माणूस गिऱ्हाइकाकडे कधीच पाठ करत नाही. मागच्या फळीवरचा कागद हवा असला तरी आपल्याकडे बघत, हात मागे नेऊन चाचपत काढतो. हिवाळ्यात नाटकांत खलनायकाची कामं करतो, तिथली सवय असेल, असं मी धरून चालायचो.

मी एकट्यानं एक मोबाइल गेम करतोय. त्यातला दंडार नाचणारा गडी टूडी ठेवू की थ्रीडी, असं त्याला विचारलं की उत्तर एकच. "चपटाच ठेव भाऊ. थ्रीडी कायले पाहिजे तुले?" मला संशय यायचा. याला थ्रीडी येत नसेल, आणि चित्रांचं काम तर हवं असेल!

काल थ्रीडी गडी करूनच नेला. त्यानं माउसनं तो सावकाश फिरवला आणि पाठीवर थांबला. तिथं मी काहीच रंगवलं नव्हतं.

"समोरून राजा, मांगून उघडा," तो हसला. "चपट्याले मांगून कोनी पाहत नाही. म्हनून सांगून राहिलो."

लॅपटॉप उचलून मी निघालो. पायरीवर मान वळली, तर तो माझ्या पाठीकडे बघत होता, रोज बघत असेल तसाच. उरलेल्या पायऱ्या मी तोंड त्याच्याकडे ठेवूनच उतरलो.