सातव्या बीमचं पाणी

सेतुराव गेल्याचं मला पत्रानं कळलं. पत्र त्यांच्या मुलीचं, वासंतीचं. सगळं इंग्रजीत, कारण मद्रासमध्ये वाढलेल्या त्या पोरीला मराठी बोलता येतं, लिहिण्याची सवय नाही. पण शेवटची एक ओळ तिनं हट्टानं मराठीत लिहिली होती, एकेक अक्षर सुटं काढून: 'अप्पा शेवटी तुमची आठवण काढत होते. तो बीम छापला का, विचारत होते.' पत्र हातात धरून मी पुण्याच्या घरात नुसता बसून राहिलो. बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, "मद्रासचे सेतुराव." ती म्हणाली, "ते... एका डोळ्याचे?" मला तिचा असा राग आला की बस. वास्तविक तिचं काय चुकलं? मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांना दोन्ही डोळे होते, आणि त्यातला एक माझ्यापायी गेला, हे मी तिला इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मद्रासला गिंडीजवळच्या एका प्रयोगशाळेत इंजिनिअर म्हणून लागलो. आमचं काम काँक्रीट मोडण्याचं. बांधणारे लोक काँक्रीट टिकावं म्हणून धडपडतात. आम्ही बीम ओतायचो, अठ्ठावीस दिवस त्याला पाणी पाजायचो आणि मग यंत्राखाली घालून तो कसा मोडतो ते बघत बसायचो. किती टनांना मोडेल हे मी आधी गणितानं सांगायचं, आणि प्रत्यक्ष मोडताना सेतुरावांनी बघायचं, अशी वाटणी. ते आमचे सीनियर टेक्निशियन, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडचं 'मी सांगटलों' ऐकून मला फिसकन हसू आलं. त्यांनी ते बरोब्बर हेरलं. "हसा पा, हसा," म्हणाले, "तुमची मराठी पेपरांतली. आमची स्वयंपाकघरांतली."

बीमला आधी चुन्याचा पातळ हात द्यायचा, म्हणजे केसाएवढी भेगसुद्धा पांढऱ्यावर उठून दिसते. मग थोडा भार चढवून थांबायचं. सेतुराव भिंग आणि पेन्सिल घेऊन बीमला नाक लावायचे, भेग जिथवर पोचली असेल तिथवर रेघ ओढायचे आणि टोकाशी टनांचा आकडा लिहायचे. पुन्हा भार, पुन्हा रेघ. मी सांगितलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच जवळ जायचं, त्यापुढे सगळ्यांनी पिवळ्या पट्ट्यामागे, हा नियम. म्हणजे त्यांचा जीव माझ्या आकड्यावर टांगलेला असायचा... हे आज कळतं. त्यांचा आणखी एक रिवाज होता. यंत्राखाली जाण्याआधी ते प्रत्येक बीमच्या एका टोकावर लाल ऑइलपेंटनं त्याचा नंबर आणि त्याला किती दिवस पाणी मिळालं ते रंगवायचे, आणि ब्रश माझ्यापुढे धरायचे. खाली मी सही करायची. "ही याची पत्रिका, सार. बघून सही करा," असं प्रत्येक वेळी म्हणायचे. प्रत्येक वेळी! पहिले काही महिने मी बघितलं. मग नुसता ब्रश घेऊन सही ठोकायला लागलो.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा मद्रासची माणसं विसरणार नाहीत. नळ कोरडे, गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या घागरींची रांग आणि पाण्याच्या लॉरीवर सगळ्यांचे डोळे. प्रयोगशाळेतलं पाणीही तोडलं. काँक्रीटचे लहान ठोकळे टाकीत बुडालेले होते, त्यांना झळ लागली नाही. पण बीम अंगणात ओल्या गोणपाटाखाली असत, आणि गोणपाट भिजवायला पाणी येणार कुठून? मी मात्र टाकीतले ठोकळे फोडून त्यांची ताकद काढली, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा संगणकाला घातला आणि आकडा घेऊन आलो: अठरा टन. सातव्या बीमच्या आदल्या दिवशी सेतुरावांनी हातोडीनं त्याच्यावर टक्‌टक् केलं आणि म्हणाले, "सार, हा तहानलेला आहे. ठोकळ्यांचा आकडा ह्याला लावूं नका." मी काय म्हणालो असेन? "सेतुराव, हातोडीनं टन मोजता येत नाहीत." वर ऐटीत हसलोही. मेलं ते हसणं अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी चौदा टनांवर आम्ही थांबलो. माझ्या हिशोबानं ऐंशी टक्क्यांच्या आतच होतो. सेतुराव पट्ट्यापाशीच उभे राहिले, पुढे जाईनात. मी घड्याळ बघत म्हणालो, "जा हो, अजून हद्द आहे." ते गेले. भेगेच्या टोकाशी त्यांनी चौदा लिहिलं आणि भिंग खाली घेतलं, तेवढ्यात बीम आडवातिडवा फाटला. बंदुकीसारखा आवाज झाला. काँक्रीटची एक कपची त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरली. ओरडले नाहीत. खाली बसले, डोळ्यावर हात धरून, आणि म्हणाले, "भार उतरवा... आधी भार उतरवा." चुन्याच्या पांढऱ्यावर रक्त पडलेलं मी बघितलं आणि धावत जाऊन भार उतरवला.

तीन आठवड्यांनी ते इस्पितळातून आले, त्याच दिवशी चौकशी बसली. समितीनं त्यांना विचारलं, "तुम्हाला पुढे जायला कोणी सांगितलं?" मी समोरच्या खुर्चीत होतो. बढतीचा कागद वर गेलेला होता, घरी तान्हं मूल होतं... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. सेतुराव उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणी नाहीं. कुलकर्णी सारंनी थांबा म्हटलं होतं. मीच आपल्या मनानं गेलों." मी मूग गिळून बसलो. समितीनं दुसऱ्या दिवशी सकाळी बीमची पाहणी केली, ओतताना दोष राहिला असावा असं लिहिलं आणि फाईल मिटली. मी माझ्या प्रबंधातून सातवा बीम गाळला. पाणीटंचाईआधी ओतलेल्या सहा बीमांची गणिताशी सुंदर जुळणी झाली. लोकांनी वाहवा केली.

सेतुरावांना स्टोअरमध्ये बसवलं. ज्या माणसाला केसाएवढी भेग हातभर लांबून दिसायची, तो नटबोल्ट मोजून द्यायला लागला. माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी गेलो. खरं सांगायचं तर जायचं टाळत होतो. बायकोनं ढकललं म्हणून गेलो. त्यांनी स्टुलावर बसवलं, फिल्टर कॉफी मागवली. डोळ्याचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "सार, तो सातवा छापा. आकडा वाईट आला म्हणून बीम वाईट होत नाहीं. बाहेरचे लोक ठोकळे बघून घरं बांधतात. त्यांस कळूं दे." मी म्हणालो, "नक्की." आणि छापला नाही. छापायचा म्हणजे तो का मोडला ते लिहायचं, आणि ते लिहायचं म्हणजे कोण म्हणालं 'जा हो' तेही लिहायचं.

पत्र आल्यावर मी मद्रासला गेलो. वासंतीला भेटलो, तिच्या आईसमोर मान खाली घालून बसलो आणि तिथून प्रयोगशाळेत गेलो. मागच्या अंगणात मोडलेले बीम ओळीनं पडलेले असतात, सगळ्यांची रंगवलेली टोकं रस्त्याकडे, म्हणजे नंबर वाचता यावा. पाच दिसला, सहा दिसला. त्यापुढच्या बीमचं टोक कोरं होतं. क्रेनवाला मुनुसामी अजून नोकरीत होता; त्याला विचारलं. तो म्हणाला, "तो सेतु सारनी फिरवून घेतला. इस्पितळातून आले त्याच दिवशी, संध्याकाळी. डोळ्याला पट्टी होती. सकाळी मोठे साहेब बघायला येणार म्हणाले, आत्ताच ह्याचं तोंड भिंतीकडे कर."

भिंत आणि बीम यांच्यात हातभर जागा होती. मी अंग चोरून आत शिरलो. लाल अक्षरं जशीच्या तशी होती: 'बीम ७. पाणी नऊ दिवस.' नऊ दिवस! अठ्ठावीसांतले नऊ. आणि त्याखाली माझी सही, शेवटी ऐटीत फराटा ओढलेली. तो पट्टी बांधलेला डोळा घेऊन ते समितीपुढे उभे होते तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं की, बीमचं टोक बघा. हुंदका आला तो आवरला नाही.

बाहेर येऊन मुनुसामीला म्हटलं, बीम पुन्हा फिरव. तो म्हणाला, क्रेन मोकळी नाही सार, दुपार होईल. मी म्हटलं, होऊ दे. तिथंच कट्ट्यावर उन्हात बसलो. तीन वाजता त्यानं साखळ्या अडकवल्या. आता सातवा बीम बाकीच्यांसारखाच तोंड बाहेर करून पडला आहे, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही माझी सही वाचता येते.