हँड कंट्रोल, विमा आणि आजची धडकी

मंडळी, आजच घडलेलं लिहितेय.

मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याचा, सुनीलचा, उजवा पाय अधू झाला. गेल्या महिन्यात आम्ही नोएडाला गाडीत हँड कंट्रोल बसवून घेतला. आता ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तो हातानेच चालवतो. विमा एजंट म्हणाला होता, "कंपनी को मत बताइए मॅडम, प्रीमियम बढ़ेगा." म्हणून आम्हीही कळवलं नव्हतं.

आज इथे दिल्लीत सरोजिनी नगरच्या वळणावर एक स्कूटीवाली मुलगी अचानक समोर आली. सुनीलने लगेच ब्रेक लावला, तरी धक्का लागून ती पडली. माणसं जमली. ती उठेचना. हिला काही झालं तर? आणि विमा कंपनीने हात वर केले तर?

नशीब, थोड्या वेळाने ती उठली. नुसतं कोपर खरचटलं होतं.

घरी येताच मी कंपनीला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "आरसी में हँड कंट्रोल की एंट्री कराइए, फिर इन्स्पेक्शन होगा. प्रीमियम थोडा बढ़ सकता है."

वाढू दे, यार!

पण सुनीलने किल्ली माझ्या हातात दिली. "मला नाही जमणार गं आता," म्हणाला.

तुमच्यापैकी कुणी हँड कंट्रोलवर गाडी चालवतं का? त्याच्याशी एकदा बोलाल?