चाराच्या वरची रेघ

दुपारी सव्वादोनला तो शेअर चार रुपयांच्या वर गेला. त्यासाठी मी साडेचार महिने थांबले होते.

खुर्सीपारच्या आमच्या दोन खोल्यांत मी संध्याकाळी शिकवण्या घेते. दिवसा, नवरा पोलादाच्या प्लांटला कामावर गेला की, मोबाइलवर बाजार उघडते. हा शेअर एका छोट्या केबल कंपनीचा. चारला टेकला की खाली यायचा, तीनजवळ आला की सावरायचा. चार्टवर मी चारला आडवी रेघ मारून ठेवली होती. भाव त्या रेघेच्या वर असताना बाजार बंद झाला आणि त्या दिवशी खरेदीही दणकून झाली, तरच घ्यायचा, असं ठरवलं होतं. आदल्या वर्षी घाई करून एका शेअरमध्ये अडकले होते. रोज लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात पडायची हद्द गाठलेली. विकणारे सगळे, घेणारा एकही नाही. ते मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

फोन वाजला. कुरुदला राहणारा माझा धाकटा भाऊ. हा शेअर मीच त्याला दाखवला होता.

"ताई, घेतला का नाही? मी त घेऊन टाकलो. पाच पैसे अजून चढला का अप्पर सर्किट लागते. मंग भेटनार नाही. अभी नहीं तो गया!"

"मी पाहून राहिली," एवढंच मी म्हणाले.

मी फोन ठेवला. खरेदीचा आकडा भरलेला होता, बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. चार रुपये दोन पैसे. चार रुपये तीन पैसे. पण चार्टच्या तळाशी, किती शेअर हात बदलले ते दाखवणाऱ्या कांड्या बुटक्याच होत्या. भाव चढत होता आणि घेणारे मात्र थोडेच. मग चढवतंय कोण?

दिवाणावर सासरे पडले होते. त्यांना वाटलं कोणी आजारी आहे.

"काय झालं, बाई? कोनाचा फोन होता?"

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मामाजी, हे पाहा. घेऊ का?"

त्यांना शेअर कळत नाहीत. पण प्लांटमध्ये त्यांची सगळी नोकरी भट्टीच्या मीटरवर गेली. कागदावर पेन तापमानाची रेघ ओढायचं, ते वाचायचं काम. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मले तुह्या बाजारातलं समजत नाही. पन भट्टीची रेघ अशी एकदम चढली का आमी पयले मीटर बिघडलं का ते पाहत होतो. भट्टी मंग."

मी बटण दाबलं नाही. तीन वाजले. भाव अप्पर सर्किटला, म्हणजे चढायच्या हद्दीला, दोन पैसे कमी असताना अडकला. आता लागलं सर्किट तर साडेचार महिने फुकट. सव्वातीनला तळाशी एक लाल कांडी उठली, बाकी सगळ्यांच्या दुप्पट उंच. कोणीतरी मोठा माल ओतत होता. बाजार बंद झाला तेव्हा भाव तीन पंच्याऐंशी होता.

मी भावाला लगेच फोन लावला. "उद्या उघडल्याबरोबर विकून टाक. दुपारीच खरेदी कमी दिसून राहिली होती."

"एका दिवसानं घाबरली का तू?" तो हसला.

दुसऱ्या दिवशी शेअर उघडला तोच लोअर सर्किटला. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी नऊला भावाचा फोन, "ताई, आज तरी निकलल का?" आणि रोज मी तेच सांगायचे, विकायची ऑर्डर टाकून ठेव. आठव्या दिवशी कोणीतरी घेणारा आला आणि भाऊ सुटला. पैशांचा तिसरा हिस्सा गेला होता.

रविवारी तो जेवायला आला. ताटावर बसला, पण घास उचलेना.

"त्या दिवशी तुले दिसून राहिलं होतं, मंग मले फोनवर काऊन नाही सांगितलं?"

"खरं सांगू? मी थांब म्हटलं असतं आन् तो वर गेला असता, त तू मले जन्मभर ऐकवलं असतं. त्याचंच भेव वाटलं."

तो जेवला, हात धुतले, मामाजींना जय भीम केला आणि गेला.

पुढे महिनाभर त्याचा फोन आला नाही. आला तेव्हा त्याने आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. बाजाराचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.