ताप कधी आला?

माझे यजमान गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई पडवीत येऊन बसली. ती आमच्या गडब गावचीच, आमच्या आळीतली, गावात आरोग्याचं काम बघणारी. एरवी आली की आधी पाणी मागायची. त्या दिवशी मोबाईल हातात धरून म्हणाली, "वहिनी, माफ करा, विचारायला लागतंय. पनवेलच्या हॉस्पिटलनं लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतानं होतो तो ताप, असेल म्हणून वर कळवलंय. ताप कधी आला?"

मी सांगितलं. हे रोह्याजवळ धाटावला कंपनीत होते. लावणीच्या दिवसांत पहिली शिफ्ट करून यायचे, दोन घास खायचे आणि तसेच शेतात उतरायचे. कंपनीच्या बुटानं टाचेला फोड आला होता, तो फुटला होता. खेकड्यांनी बांध पोखरला होता, पाणी ठरत नव्हतं, म्हणून संध्याकाळी गुडघाभर चिखलात उभे राहून हे भोकं बुजवत बसायचे. लावणी उरकली आणि मग ताप आला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, ताप उतरला, परत चढला. पोटऱ्या अशा दुखायच्या की चादर लागली तरी कळवळायचे. डोळे लाल झाले, मग पिवळे. पेणला नेलं, पेणहून पनवेलला. तिथं लघवी बंद झाली, खोकल्यातून रक्त यायला लागलं, आणि गेले.

आशाताई निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. हात आहे एवढं मला समजत होतं. त्यापुढं काही नाही.

मग आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, मग तालुक्याचे, मग अलिबागहून जिल्ह्याचे. प्रत्येकानं पहिल्यापासून विचारलं. शेतात कधी उतरले, जखम कुठं होती, घरात उंदीर आहेत का, गुरं कुठं बांधता, पाणी कुठलं पिता. एकानं सांगितलं, ही माहिती पुण्याला जाते, तिथून दिल्लीला. मी 'हो' म्हटलं. सासूबाई आतून म्हणायच्या, "कंपनीतलंच कायतरी लागलं त्याला. शेतानं कधी माणूस मारला नाय." ते म्हणायचे, आजी, तेही तपासतोय.

सांगून सांगून मला ते पाठ झालं. रडू यायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत. पुढं येईनासं झालं. कोण आलं, की मी पदर सारखा करून सुरू करायची.

पुण्याहून पथक आलं त्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. पथकातल्या दोघांनी बांधावर आणि माळ्यावर पिंजरे लावले, शेतातलं पाणी बाटल्यांत भरलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. माझी धाकटी जाऊ रक्त द्यायला बसली, तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"ताप आहे तुम्हाला. कधीपासून?"

"नाय, जागरणानं अंग गरम असेल."

बाईंनी तिची पोटरी नुसती दाबली, तर तिनं पाय ओढून घेतला. मग खाली मान घालून म्हणाली, "घरात सुतक, माणसं येतायत-जातायत. आता मी कुठं दवाखान्यात जाऊ?"

त्याच गाडीतून तिला पेणला नेलं. ती वाचली. परत आली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी दारात उभी होते. मला बरं वाटायला हवं होतं, एवढं मला समजत होतं.

त्याच सुमारास रोह्याहून माझी थोरली बहीण आली. माझ्याजवळ बसली आणि हळूच काहीतरी विचारलं. मी सांगायला लागले, "लावणी झाल्यावर ताप आला. टाचेला जखम होती. पोटऱ्या..."

तिनं मला थांबवलं. "अगो, मी ते नाय विचारलं. जेवलीस का म्हणून विचारलं."

मला आठवेना जेवले की नाही. ती उठली, चूल पेटवली, पेज केली आणि वाटी माझ्या हातात दिली. मी ती संपवली. चव सांगता येणार नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. जावेच्या रक्तात लेप्टो नक्की निघाला होता. यांचं रक्त फार लवकर घेतलेलं, त्यात काही दिसलं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा घ्यायच्या आधीच ते गेले होते. "म्हणून त्यांची नोंद संभाव्य रुग्ण अशी राहील," त्या म्हणाल्या. "तुमच्या जाऊबाईंची निश्चित."

"म्हणजे वाचली ती निश्चित, आणि गेले ते संभाव्य?"

मी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. "नोंदीत तसंच आहे, ताई. पण तुमच्या घरामुळं गावात औषध पोचलं."

मी 'बरं' म्हटलं. गॅसवर भात होता, तो उतरवला.

यंदा लावणीच्या आधी आशाताई लेप्टो होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या घेऊन घरोघर फिरली. आठवड्याला एकदा, जेवल्यावर. जाऊ शेतात उतरायला तयार नाही, म्हणून अर्धं शेत आम्ही अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला दिलंय. उरलेल्यात मी आणि सासूबाई. त्यांनी गोळ्या तळहातावर घेतल्या, खालीवर करून पाहिल्या.

"ह्याच का गो त्या? मग माझ्या लेकाला का नाय दिल्या?"

आशाताई माझ्याकडं बघायला लागली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तेव्हा गावात कोणालाच लेप्टो झाला नव्हता, काकू," ती म्हणाली. "कुठंतरी एक पेशंट निघाला, की मग तिथं वाटतात."

सासूबाईंनी "व्हय" म्हटलं, गोळ्या घेतल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या.